इन्स्पायर अवॉर्ड मानकला पोरांची कल्पना पाठवायची आहे? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आपल्याकडे विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पुस्तकवाटप, आधार अपडेट, शालेय पोषण आहाराची नोंद यातून मान वर काढेपर्यंत मुख्याध्यापक एक परिपत्रक हातात ठेवतात आणि म्हणतात, यावर्षी इन्स्पायर तुमच्याकडे. मग आपण स्टाफरूममध्ये ज्याला त्याला विचारत सुटतो आणि प्रत्येक जण वेगळंच काहीतरी सांगतो. मी बरीच वर्षं हे काम जिल्हा परिषदेच्या शाळेत करून राहिलो, म्हणून जे कळलं ते सगळं इथं लिहून ठेवतो. शिक्षकांसाठी आहेच, पण ज्या घरातलं पोट्टं सारखं काहीतरी खोलून बसलेलं असते त्या आईवडिलांनीही वाचावं.

१. आधी हे नेमकं काय आहे ते समजून घ्या

इन्स्पायर अवॉर्ड मानक ही केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना, सोबतीला गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन. आधी सहावी ते दहावीची पोरं होती, आता अकरावी-बारावीही घेतली आहे. शाळेनं पोरांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, जास्तीत जास्त पाच. निवड झाली की पोराच्या खात्यात थेट १०,००० रुपये येतात, त्यातून मॉडेल बनवायचं आणि जिल्हा प्रदर्शनात मांडायचं. तिथून राज्य, मग राष्ट्रीय. देशभरातून लाखो कल्पना जातात, निवड एक लाखापर्यंत होते, राज्याला त्यातले १०,००० उरतात, राष्ट्रीयला १,००० आणि शेवटी ६०.

लोक हमखास घोळ घालतात तो असा की तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आणि इन्स्पायर एकच समजतात. दोन्ही वेगळे. तालुक्याचं प्रदर्शन पंचायत समितीकडून होते, त्याला विषय ठरवून दिलेले असतात आणि मॉडेल तयार घेऊनच जावं लागते. इन्स्पायरला सुरुवातीला मॉडेल लागतच नाही, फक्त कल्पना लागते. "सर, मॉडेल कुठं आहे आपल्याजवळ" म्हणून अर्ज न भरणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. अरे बाप्पा, पैसे तर मॉडेल बनवायसाठीच मिळतात.

२. कल्पना शोधा, आणि ती यूट्यूबवर शोधू नका

खरं काम इथं आहे, बाकी सगळी लिखापढी. दरवर्षी त्याच त्या कल्पना देशभरातून ढिगानं जातात: आंधळ्यांसाठी सेन्सरची काठी, स्पीड ब्रेकरवर वीज, झोप आली की वाजणारा चष्मा, हेल्मेट घातल्याशिवाय सुरू न होणारी गाडी, गांडूळखत, पाण्याची टाकी भरली की अलार्म. तपासणाऱ्यानं हे इतक्यांदा पाहिलेलं असते की शीर्षक वाचूनच बाजूला ठेवतो. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) हाकलायचा भोंगाही आता तसाच झाला, शिवाय अर्ध्या शिवारात कुंपणाच्या तारेला झटका देणारी झटका मशीन लागलेली आहे.

मी काय करतो, वर्गात "प्रोजेक्ट सुचवा" असं म्हणतच नाही. तसं म्हटलं की पोरं रोबोट म्हणतात. मी विचारतो की घरी या आठवड्यात कोण कशावरून वैतागलं. आई, आजी, बाबा, सालदार, कोणीही. वहीच्या पानावर चार ओळी लिहून आणायच्या, नाव टाकायचं आणि वर्गातल्या खोक्यात टाकायचं. योजनेतही शाळेत आयडिया बॉक्स ठेवा असं सांगितलेलंच आहे, बुटाचं खोकं चालते.

एकदा आठवीतल्या एका पोरीनं लिहून आणलं होतं, "सर, आमचा कापूस सेंटरवरून वापस आला, ओला हाये म्हणे." बस, एवढंच. आता हे कापसाच्या पट्ट्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, त्यांच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत कपात, आणि बाराच्या वर गेला की ट्रॅक्टर परत. भाडं गेलं, दिवस गेला, आणि कापूस पुन्हा घरात बसायच्या खोलीत येऊन पडला, सगळ्यांना खाज सुरू. ओलावा मोजायचं मीटर जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात असते, शेतकऱ्याच्या घरी नसते. घरूनच निघताना ढीग किती ओला आहे ते कळलं तर? पोरीला हे असं मांडता येत नव्हतं, पण प्रश्न तिचा होता आणि तो खरा होता.

कल्पना हाती आली की पोराला तीन गोष्टी विचारा. हे आधीच बाजारात मिळते का? मिळत असेल तर लोक का घेत नाहीत, महाग आहे, जड आहे, का समजत नाही? आणि तुझं त्याच्यापेक्षा कशात वेगळं? रात्रीच्या लाइटीवर मोटर सुरू करायला बाबाला विहिरीवर जावं लागते, ही अडचण खरी आहे, पण ऑटो स्टार्टर गावोगावी लागलेले आहेत आणि मोबाइलवरचे पण आले. म्हणून ती कल्पना तशीच पाठवू नका. मात्र तोच पोरगा जर म्हणाला की मोटर तर घरून सुरू होते, पण ठिबकचा कॉक बदलायला अंधारात जावंच लागते, तर तिथं काहीतरी आहे, खणा.

३. कागदपत्रं ऑगस्टमध्येच जमवा

नामांकनाची मुदत साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. त्या वर्षीची तारीख परिपत्रकात बघा आणि मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका. आपल्याकडे त्याच दिवसांत पोळा, तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या. पोरं मामाच्या गावी आणि बँकेला सुट्टी. म्हणून आधीच हे गोळा करून ठेवा:

- शाळेचा यूडायस कोड (प्रत्येक शाळेला सरकारनं दिलेला ओळख क्रमांक), मुख्याध्यापकांचा चालू मोबाइल नंबर आणि शाळेचा ईमेल
- पोराचं आधार कार्ड
- दाखल खारीज रजिस्टरप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, वर्ग, प्रवर्ग, आईवडिलांची नावं
- पोराच्या नावाचं बँक पासबुक, पहिलं पान स्वच्छ दिसेल असं
- कल्पनेचं शीर्षक आणि एक-दोन पानांचा सारांश, सोबत हातानं काढलेली आकृती

यातलं बँक खातं सगळ्यात जास्त रडवते, म्हणून थोडं सविस्तर. एक, पासबुकवर "कु. पूजा" आणि आधारवर आडनावासकट पूर्ण नाव असं असलं की पैसे अडकू शकतात, नाव जुळवून घ्या. दोन, शिष्यवृत्तीसाठी कधीतरी उघडलेलं खातं दोन वर्षं व्यवहार नसला की निष्क्रिय होते, म्हणून पासबुक आहे म्हणून खुश न होता बँकेत जाऊन शंभर रुपये भरून बघा, खातं जिवंत आहे का ते तिथंच कळते. तीन, आपल्या भागात खास बघायची गोष्ट: विदर्भ कोकण ग्रामीण बँक मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. घरोघरी पासबुकं अजून जुनीच आहेत आणि त्यावरचा आयएफएससी पण जुना. शाखेत विचारून आज चालू असलेला कोडच टाका. खातंच नसेल तर पोस्टात उघडून घ्या, गावात पोस्टमन असतोच आणि दहा वर्षांवरच्या पोराचं उघडते.

४. सारांश लिहायचा कसा

पोराच्या भाषेत. शिक्षकानं शुद्ध करून, जड शब्द घालून लिहिलेला सारांश लगेच ओळखू येते. मराठीत लिहिलं तरी चालते, इंग्रजीच पाहिजे असं काही नाही. मी पोरांना एवढाच क्रम देतो: अडचण कोणाची, आज लोक काय करतात, त्यात काय चुकते, मी काय करणार, ते कसं चालेल.

त्या कापसाच्या सारांशात पहिली ओळ अशी होती: "आमच्या घरी पाहुणे आले तर कापसावर बसतात, म्हणून लवकर विकायचा असतो, पण ओला असला की सेंटरवाले घेत नाहीत." मी ती ओळ तशीच ठेवली. पुढं तिनं लिहिलं की ओल्या कापसातून वीज जास्त जाते आणि कोरड्यातून कमी, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये कापूस दाबून मोजायचं. आकृती पेन्सिलीची, एक डबी, दोन पितळी पट्ट्या, वरून वजन. झालं.

शीर्षक नुसतं "स्मार्ट ॲग्रिकल्चर सिस्टीम" असं ठेवू नका, त्यातून काहीच कळत नाही. "घरच्या कापसाचा ओलावा मोजणारी डबी" म्हटलं की वाचणारा थांबतो.

५. पोर्टलवर भरताना

शाळेची नोंदणी एकदाच करायची असते. वन टाइम रजिस्ट्रेशन भरलं की ते जिल्ह्याकडे म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे जाते, तिथून मंजूर झालं की ईमेलवर लिंक येते आणि युजर आयडी-पासवर्ड बनवता येतो. आता गंमत बघा, शाळेची नोंदणी बहुतेक वेळा आधीच झालेली असते, फक्त ती करणारे सर बदली होऊन गेलेले असतात आणि पासवर्ड त्यांच्याच मेलवर. अशा वेळी नवी नोंदणी करत बसू नका. जुन्या सरांना फोन लावा, नाही जमलं तर जिल्ह्याच्या विज्ञान पर्यवेक्षकांना यूडायस कोड सांगून विचारा. आणि यापुढे शाळेच्या नावाचा एक ईमेल ठेवा आणि पासवर्ड लॉगबुकात लिहून ठेवा, पुढच्या माणसाचे हाल वाचतील.

आत गेलं की प्रत्येक पोराची माहिती, खात्याचा तपशील, शीर्षक आणि सारांशाची फाइल. आधारवरून नाव टाकताना घाईत स्पेलिंग चुकते, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टाइप करायचं. दुपारी साइट रखडते आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून सकाळी सकाळी किंवा रात्री जेवण झाल्यावर बसा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आरामात होते.

सगळ्यात मोठा सापळा इथं आहे, नीट वाचा: फॉर्म सेव्ह केला म्हणजे पाठवला असं नाही. सेव्ह केल्यावर तो शाळेच्याच लॉगिनमध्ये पडून राहते. तो जिल्ह्याकडे फॉरवर्ड करावा लागते. कित्येक शाळांचे पाचही फॉर्म भरलेले असतात आणि एकही गेलेला नसते, मग डिसेंबरात विचारतात की आमचं नाव काहून नाही आलं. फॉरवर्ड केल्यावर स्टेटस बघा, स्क्रीनशॉट काढा, प्रिंट फाइलला लावा.

६. निवड झाली, पैसे आले, आता मॉडेल

यादी यायला काही महिने लागतात. पैसे आले की घरी पहिले समजावून सांगा की हे कशाचे आहेत, नाहीतर सोयाबीनच्या फवारणीत जातात आणि बापालाही दोष देता येत नाही. मी पालकांना शाळेत बोलावून पासबुकवरची नोंद दाखवून बोलतो.

शहरात तयार मॉडेल विकणारे बसलेले आहेत, चार-पाच हजारात चकाचक करून देतात, लाइट लुकलुकते, वर पोराच्या नावाची पाटी. घेऊ नका. नैतिकतेचं सोडा, ते परीक्षकांपुढं टिकतच नाही. वायर निघाली की पोराला जोडता येत नाही, संपलं तिथंच.

सामान लागते ते इतकं: अर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्रॅम टाकून सेन्सर, बझर चालवता येणारा छोटा सर्किट बोर्ड, कॉपीवाला चालते), ब्रेडबोर्ड, जंपर वायर, छोटा डिस्प्ले, बझर, काही रेझिस्टर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, आणि एक मल्टिमीटर, दोन-अडीचशे रुपयांचा. मल्टिमीटरशिवाय सुरुवातच करू नका. नागपूरला जाणं होत असेल तर सीताबर्डीत सगळं मिळते, नाहीतर ऑनलाइन मागवा, पण गावात पार्सल यायला वेळ लागते तो धरून चला. आणि सगळं सेन्सरनंच करायचं असं कुठं लिहिलेलं नाही. सायकलची चेन, स्प्रिंग, पीव्हीसी पाइप यातून बनलेली अवजारंही तितकीच चालतात, कधी कधी जास्त.

अर्डुइनोवाल्यांचे नेहमीचे घोळ सांगतो:

कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही. कॉपी बोर्डवर बहुतेक सीएच३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर टाकावा लागते. टाकूनही दिसत नसेल तर केबल बदला, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटर चालवायला लावू नका, बघता बघता उतरते. पॉवर बँक लावली तर ती कमी करंटला आपोआप बंद पडू शकते, हे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मातीच्या ओलाव्याचा स्वस्त दोन पायांचा सेन्सर आपल्या काळ्या जमिनीत लवकर गंजते. थोडे जास्त पैसे देऊन कपॅसिटिव्ह, म्हणजे धातू उघडा नसलेला घ्या. आणि काळी माती सुकली की भेगा पडतात, सेन्सर भेगेत गेला की हवाच मोजते. पोराला हे माहीत असलं पाहिजे, परीक्षक शेतकऱ्याच्या घरचा निघाला तर पहिला प्रश्न हाच.

आता कापसाच्या डबीचं बघा, कारण त्यात सगळ्यांच्या कामाची एक गोष्ट आहे. पहिल्यांदा तिनं कापूस हातानं दाबला, तर दर वेळी आकडा वेगळा. घट्ट दाबला की ओला दाखवे, सैल सोडला की कोरडा. मग दर वेळी तितकाच कापूस मोजून डबीत भरायचा आणि वरून किराणा दुकानातलं दोन किलोचं वजन ठेवायचं असं ठरवलं, तेव्हा आकडा जागेवर आला. पुढचा प्रश्न, अर्डुइनोवर ६४० आला म्हणजे टक्के किती? त्यासाठी तिनं वेगवेगळ्या ढिगातला शंभर-शंभर ग्रॅम कापूस घेतला, आधी डबीत आकडा बघितला, मग कडक उन्हात पत्र्यावर सुकवला, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. शंभराचे ८९ ग्रॅम उरले म्हणजे ११ टक्के पाणी. उन्हात शेवटचा थोडा ओलावा राहतोच, तो काढायला ओव्हन लागते, हेही तिनं वहीत लिहिलं होतं. असे नमुने घेऊन आलेख काढला आणि तो आलेखच तिच्या पूर्ण प्रोजेक्टचा जीव होता. मशीन सगळेच बनवतात, मशीन खरं बोलते का हे तपासणारे कमी.

म्हणून एक वही ठेवायलाच लावा. तारीख, काय केलं, काय बिघडलं, आकडे. खाडाखोड असू द्या. फेअर करून घेऊ नका. सामानाची बिलं त्याच वहीत चिकटवा.

आणि उत्साहात व्हिडिओ यूट्यूबला किंवा फेसबुकला टाकू नका, निदान इतक्यात तरी. चांगल्या कल्पनांच्या पेटंटसाठी फाउंडेशन मदत करते, पण आधीच सगळ्या जगाला दाखवलेल्या गोष्टीचं पेटंट घेताना अडचण येते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा तर पोराचा टाका, आतल्या जोडणीचा नको.

७. प्रदर्शनाचा दिवस

गुण कशावर देतात ते पोराला आधीच सांगून ठेवा: कल्पनेचं नवेपण, समाजाला उपयोग, पर्यावरणाला त्रास नसणं, वापरायला सोपं असणं, आणि आज जे मिळते त्यापेक्षा सरस काय. मॉडेलच्या रंगरंगोटीला यात जागा नाही, म्हणून थर्माकोलचा बंगला आणि कृत्रिम गवत यावर रात्र घालवू नका.

सोबत न्यायचं: एक्स्टेंशन बोर्ड (हॉलमध्ये एका बोर्डावर दहा जण लोंबकळत असतात), टेप, स्क्रू ड्रायव्हर, जास्तीच्या वायरी, दुसरी केबल, जास्तीचा एक बोर्ड ज्यात प्रोग्रॅम आधीच टाकलेला आहे, ती वही, आधारची झेरॉक्स, शाळेचं ओळखपत्र, जेवणाचा डबा, पाणी. एसटीनं जाणार असाल तर मॉडेल खोक्यात जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घ्या, टपावर किंवा मागच्या डिकीत अजिबात नाही. सिरोंचा, धारणीसारख्या लांबच्या तालुक्यातून येणाऱ्यांनी जमलं तर आदल्या दिवशीच मुक्कामी या, रात्रभर प्रवास करून आलेलं पोरगं दुपारी परीक्षकांपुढं जांभया देते.

आदल्या आठवड्यात पोराला अनोळखी माणसांपुढं बोलायला लावा. मी शाळेतल्या शिक्षकांपुढं नाही बोलायला लावत, ते मान डोलावतात. मी ग्रामपंचायतीच्या शिपायाला, किराणा दुकानदाराला, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना बोलावतो. आमच्या ताईंनी त्या डबीवर विचारलं होतं, "पण बाई, ढीग वरून सुकते आणि आत ओला राह्यते, मंग तू कोठचा कापूस घेशीन?" पोरगी गप्प. मग आम्ही ढिगाच्या वरून, मधून आणि खालून असे तीन नमुने घ्यायचं ठरवलं. जिल्ह्याला परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं आणि तिनं तीन बोटं दाखवून सांगितलं.

बोलणं पाठ करून घेऊ नका. पाठ केलेल्याला मध्येच थांबवलं की गाडी पहिल्यापासून सुरू करावी लागते. बोली वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीतच बोलू द्या, झाडीबोली असेल तर तशी, परीक्षक आपल्याच जिल्ह्यातले असतात. उत्तर येत नसेल तर "हे मी करून नाही पाहिलं, पण असं करून पाहीन" असं म्हणायला शिकवा. आणि तुम्ही स्वतः स्टॉलपासून लांब उभे राहा. परीक्षक पोराला विचारून राहिले आणि सर मागून उत्तर देऊन राहिले, हे दृश्य दरवर्षी दिसते, त्यात नुकसान पोराचंच होते.

८. निवड नाही झाली तर

तीच कल्पना तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात बसते का बघा, साधारण डिसेंबर-जानेवारीत असते, विषयांची यादी आधी वाचून घ्या. जवळपास अटल टिंकरिंग लॅब असलेली शाळा असेल तर तिथल्या शिक्षकांशी बोलून ठेवा, थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर तिथं असतात आणि बहुतेक जण वापरू देतात, फक्त आधी पत्र द्या. पोरगं सातवी-आठवीत असेल तर पुढच्या वर्षी सुधारून पुन्हा टाकता येते, पण तोच सारांश तसाच चिकटवू नका. आणि वर्षभर खोक्यात ज्या चिठ्ठ्या पडल्या त्या फेकू नका, फाइलला लावून ठेवा. मागच्या वर्षीच्या चिठ्ठीतलीच एक अडचण यंदा दुसऱ्या पोराच्या हातात जास्त चांगली उतरू शकते, फक्त मूळ चिठ्ठी ज्याची त्याला आधी विचारा, नाहीतर मैदानात मारामारी ठरलेली.

मुख्याध्यापकांच्या सहीचं काम असेल तर ते सोमवारी उरकून घ्या, मंगळवारपासून मिटिंगा सुरू होतात.